भेडाघाटचे छायाचित्र आणि जबलपूरचा वारसा

जबलपूर – युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत एप्रिल 2021 मध्ये भारतातील सहा स्थळांची भर पडली. वाराणसीचे घाट, कांचीपुरमची मंदिरे, कर्नाटकातील हिरे बेनकल हे महापाषाणयुगीन स्थळ, सातपुडा व्याघ्र प्रकल्प, महाराष्ट्रातील मराठा लष्करी स्थापत्य आणि नर्मदा खोऱ्यातील भेडाघाट-लमेटाघाट अशी ती सहा नावे होती. त्यांपैकी मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना 11 जुलै 2025 रोजी पॅरिस येथील अधिवेशनात जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. साल्हेरपासून तमिळनाडूतील जिंजीपर्यंतची ही मालिका भारताचे 44 वे वारसास्थळ ठरली. भेडाघाट मात्र संभाव्य यादीतच राहिले.

एका वेळी एका देशाला एकच नवा प्रस्ताव विचारासाठी पुढे करता येतो, हे यामागचे तांत्रिक कारण आहेच. पण केवळ रांगेचा प्रश्न म्हणून या विलंबाकडे पाहता येणार नाही. किल्ल्यांच्या प्रस्तावामागे शतकभराचे इतिहाससंशोधन, गडांवर पायपीट करणाऱ्यांच्या पिढ्या आणि प्रत्येक बुरुजाशी जोडलेली लोकस्मृती उभी होती. भेडाघाटची देशभरातील ओळख प्रामुख्याने एका दृश्याची आहे : पांढऱ्या कड्यांमधून वाहणारी हिरवट नर्मदा आणि तुषारांच्या धुराआड दिसणारा धबधबा. ते दृश्य लाखो मोबाइलमध्ये साठलेले आहे. त्या दृश्याच्या आजूबाजूला काय आहे, याची माहिती मात्र तेथून परतणाऱ्यांपैकी फार थोड्यांना असते.

मराठी पर्यटकांना जबलपूर परके नाही. नागपूरपासून हे शहर सुमारे पावणेतीनशे किलोमीटरवर आहे. हा प्रदेश 1798 मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि 1817 च्या इंग्रज-मराठा युद्धात त्यांच्या हातून गेला. पुढे मध्य प्रांत व वऱ्हाडाची राजधानी नागपूर असल्याने दोन्ही शहरांचा कारभार शंभर वर्षे एकाच छत्राखाली चालला. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशचे उच्च न्यायालय जबलपूरला स्थापन झाले, तेव्हा नागपूरच्या न्यायदालनांतील परंपराही या शहरात आली. गोंदिया-जबलपूर हा सातपुड्यातील जुना नॅरोगेज मार्ग ब्रॉडगेज झाल्यापासून विदर्भातून येणे आणखी सोपे झाले आहे.

तरीही बहुतेक सहली जबलपुरात दिवसभरही थांबत नाहीत. कान्हाच्या जंगलाकडे जाताना किंवा तेथून परतताना सकाळी धुआंधार, दुपारी पंचवटी घाटावरून नौकाविहार आणि वेळ उरलाच तर संध्याकाळी ग्वारीघाटावरील नर्मदेची आरती, असा क्रम ठरून गेला आहे. या क्रमात प्रत्येक थांब्याचे एक ठरलेले छायाचित्र आहे. धुआंधारच्या कठड्याला पाठ लावून, नावेच्या टोकाशी बसून, आरतीच्या दिव्यांसमोर उभे राहून. ही तीन छायाचित्रे झाली की शहर पाहून झाले, अशी समजूत पर्यटकांची आणि त्यांना घेऊन येणाऱ्या वाहनचालकांचीही असते.

या चौकटी चित्रपटांनी घडवल्या. 1960 च्या ‘जिस देश में गंगा बहती है’पासून 2001 च्या ‘अशोका’पर्यंत आणि 2016 च्या ‘मोहेंजो दारो’पर्यंत संगमरवरी कड्यांचे चित्रीकरण होत आले. नौकाविहारात नावाडी यमक जुळवत जे समालोचन करतात, त्यातही कोणत्या कड्यावर कोणत्या नायिकेचे गाणे झाले याला मोठे स्थान असते. त्यांच्या या विनोदी, ठेकेबाज निवेदनाची थट्टा करण्याचे कारण नाही. बहुसंख्य पर्यटकांना भेडाघाटची जी काही माहिती मिळते, ती त्यांच्याकडूनच. खेद वाटतो तो एवढ्याचाच, की जागतिक वारशाचा दावा सांगणाऱ्या स्थळाची ओळख करून देण्याचे सारे काम रोजंदारीवर वल्ही मारणाऱ्या माणसांवर सोपवलेले आहे.

युनेस्कोकडे भेडाघाट-लमेटाघाटचे नाव नैसर्गिक वारसा म्हणून गेले आहे. भारताच्या 44 स्थळांपैकी केवळ सात नैसर्गिक आणि एक मिश्र आहे. उरलेली सर्व सांस्कृतिक. नैसर्गिक स्थळांची तपासणी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ करतो. तेथे दृश्य सुंदर असल्याचे सांगून भागत नाही. जगात अन्यत्र सहसा न आढळणारे असे या जागेत काय आहे आणि ते शाबूत आहे का, हे दोन प्रश्न विचारले जातात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर भेडाघाटकडे निश्चित आहे, पण ते कठड्यावरून दिसत नाही. नर्मदेने सुमारे तीन किलोमीटर लांबीची घळ कोरलेला हा दगड डोलोमाइटयुक्त संगमरवर आहे आणि त्याचे वय अब्जावधी वर्षांच्या मापाने मोजले जाते. त्याच्या जवळच लमेटाघाट आहे. या छोट्या घाटाच्या नावावरूनच भूशास्त्रज्ञांनी ‘लमेटा’ खडकस्तरांना नाव दिले आणि ते नाव आज मध्य व पश्चिम भारतातील डायनासोर युगाच्या अखेरच्या थरांसाठी जगभर वापरले जाते. ठगांच्या बंदोबस्तामुळे ज्याचे नाव परिचित आहे, त्या विल्यम स्लीमनला 1828 मध्ये जबलपूरच्या बडा शिमला टेकडीजवळ काही अश्मीभूत हाडे सापडली. आशिया खंडात मिळालेल्या डायनासोरच्या अगदी पहिल्या अवशेषांमध्ये त्यांची गणना होते. 1877 मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी त्यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. ही हाडे पुढे अनेक दशके बेपत्ता होती. 2012 मध्ये ती कोलकात्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात पुन्हा मिळाली.

डायनासोरचे नाव ऐकताच मुलांचे डोळे चमकतात. त्यांच्यासाठी आईवडील परदेशातील संग्रहालयांचे तिकीट काढतात. या टेकडीच्या बाजूने जाणाऱ्या सहलीच्या गाड्या मात्र थांबत नाहीत. थांबून पाहावे असे तेथे काही मांडलेलेच नाही.

दुसरा प्रश्न शाबूतपणाचा. नर्मदेवर जबलपूरच्या वरच्या अंगाला बर्गी धरण आहे आणि त्याला 21 दरवाजे आहेत. मंडला, दिंडोरी भागात जोराचा पाऊस झाला की हे दरवाजे उघडले जातात आणि काही तासांत खालच्या घाटांवर पाणी चढते. अशा दिवसांत धुआंधार चक्क नाहीसा होतो. खालची पातळी इतकी वर येते की पाण्याची झेप उरत नाही, सर्वत्र एकच गढूळ प्रवाह दिसतो. पावसाळ्यात नौकाविहार बंद ठेवला जातो. धबधबा पाहायला आलेल्या पर्यटकाला धबधबाच दिसू नये, हा अनुभव निराश करणारा असला तरी वस्तुतः तोच नदीचा खरा परिचय आहे. नियंत्रित नदीवरचे निसर्गसौंदर्य धरणाच्या वेळापत्रकाने चालते. तपासणीसाठी येणारे तज्ज्ञ हा मुद्दा काढणार, हे गृहीत धरूनच मध्य प्रदेशला आपली बाजू मांडावी लागेल.

याच पाण्याने सुरक्षेचा प्रश्नही उभा केला आहे. धुआंधारच्या आसपासचा खडक सततच्या तुषारांनी गुळगुळीत झालेला आहे. कठडे आहेत, सूचनाफलक आहेत. पण कठड्याच्या आतून काढलेल्या छायाचित्रात कठडाही येतो, म्हणून तो ओलांडण्याचा मोह होतो. जगभरातील बातम्यांवरून केलेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय अभ्यासात ऑक्टोबर 2011 ते नोव्हेंबर 2017 या काळात सेल्फी काढताना झालेल्या 259 मृत्यूंची नोंद आहे. त्यांत भारताचा क्रमांक पहिला होता आणि मृत्यूचे सर्वांत मोठे कारण बुडणे हे होते. महाराष्ट्राला हे सांगण्यासाठी आकडेवारीची गरज नाही. 30 जून 2024 रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. 15 जून 2025 रोजी मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीखाली कोसळून चौघांचा बळी गेला.

अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर प्रशासनाचा पहिला प्रतिसाद बंदीचा असतो. पुणे जिल्ह्यात भुशीच्या घटनेनंतर धबधबे, धरणे आणि कड्यांवर प्रतिबंधात्मक आदेश निघाले. मुंबईत 2016 मध्येच पोलिसांनी सेल्फीबंदीच्या जागा ठरवल्या होत्या. बंदीमुळे काही दिवस गर्दी हटते. परंतु ज्या जागेची जाहिरातच एका विशिष्ट कोनातील छायाचित्राने होते, तेथे त्या कोनातून छायाचित्र काढू नका असे सांगणे विसंगत ठरते. साताऱ्याच्या कास पठाराने वेगळी वाट धरली. पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात 2012 मध्ये समाविष्ट झालेल्या या पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला सुमारे तीन हजार पर्यटकांची मर्यादा, प्रवेशशुल्क आणि आगाऊ नोंदणी यांची पद्धत रुळली. तिची अंमलबजावणी निर्दोष आहे असे नव्हे. मात्र तेथे किती माणसे आली यापेक्षा किती मावतात हा प्रश्न आधी विचारला गेला. भेडाघाटात तो अजून ठळकपणे विचारला गेलेला नाही.

धोका पाण्याचाच असतो असेही नाही. संगमरवरी कड्यांवर मधमाश्यांची मोठमोठी पोळी लोंबतात. एकोणिसाव्या शतकात रेल्वेमार्गाच्या पाहणीसाठी आलेला एक इंग्रज अभियंता माश्यांच्या हल्ल्यातून सुटण्यासाठी नदीत उतरला आणि बुडाला. जेम्स फोर्सिथच्या मध्य भारतावरील 1871 च्या पुस्तकात ही हकीकत आली आहे. त्याच रेल्वेने पुढे मार्च 1870 मध्ये जबलपूर येथे मुंबई आणि कलकत्ता यांना जोडले आणि पर्यटकांची पहिली लाट या घळीपर्यंत आणली.

धुआंधारपासून थोड्याच अंतरावर, शंभराहून अधिक पायऱ्या चढून गेल्यावर चौसष्ट योगिनींचे मंदिर आहे. दहाव्या शतकातील, उघड्या आकाशाखालील हे वर्तुळाकार मंदिर त्रिपुरीच्या कलचुरी राजांच्या काळातले आहे. नाव चौसष्टचे असले तरी भोवतीच्या ओवरीत मूर्तींसाठी 81 कोनाडे आहेत. बहुतेक मूर्ती भग्न आहेत, परंतु पुष्कळांच्या पीठांवर त्या योगिनीचे नाव कोरलेले आजही वाचता येते. भारतात योगिनींची वर्तुळाकार मंदिरे मोजकीच आहेत. नावे कोरलेली असणे त्याहून दुर्मीळ. पायऱ्या चढण्याचे श्रम घेणारे पर्यटकही मधल्या गौरीशंकराचे दर्शन घेतात, ओवरीचे एक रुंद छायाचित्र काढतात आणि उतरतात. पीठावरील अक्षरे वाचून दाखवणारे तेथे सहसा कोणी नसते.

ती अक्षरे वाचली गेली आहेत, आणि वाचणारा विद्वान मराठी होता, ही बाब मराठी वाचकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात संस्कृत शिकवणाऱ्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी कलचुरी-चेदी संवतातील लेखांचा महाग्रंथ सिद्ध केला. भारतीय अभिलेखांच्या प्रसिद्ध मालेतील चौथा खंड म्हणून तो 1955 मध्ये प्रकाशित झाला. त्रिपुरीच्या राजवंशाचा कालक्रम आज जो मानला जातो, त्याचा मोठा आधार हा ग्रंथ आहे. भेडाघाटचा सर्वांत महत्त्वाचा शिलालेख मात्र भेडाघाटात नाही. राणी अल्हणदेवीने 1155 मध्ये शिवमंदिर आणि त्यासोबत मठ बांधल्याची नोंद करणारा तो दगड एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील न्यू हेवन येथे अमेरिकन ओरिएंटल सोसायटीकडे गेला. त्याचे एक स्वच्छ, मोठे छायाचित्र मूळ जागी लावायला फारसा खर्च येणार नाही. छायाचित्रणाचा याहून उचित उपयोग दुसरा सुचत नाही.

छायाचित्रणाचे नियम आता पूर्वीसारखे जाचक राहिलेले नाहीत. जुलै 2018 मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने अजिंठ्याची लेणी, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातील मुख्य समाधिकक्ष वगळता सर्व केंद्रीय संरक्षित स्मारकांच्या परिसरात छायाचित्रणास मुभा दिली. ड्रोनला मात्र वेगळे नियम लागू आहेत आणि परवानगीविना ते उडवता येत नाहीत. हा बदल स्वागतार्हच होता. पण मुभा दिल्यानंतर पर्यटक कशाचे छायाचित्र काढतील हे त्याला काय दाखवले जाते यावर अवलंबून असते, आणि तो भाग मोकळाच राहिला.

शहरातील मदन महालाचे उदाहरण या संदर्भात अधिक गुंतागुंतीचे आहे. प्रचंड ग्रॅनाइट खडकाच्या माथ्यावर बांधलेली गोंड राजवटीची ही छोटी वास्तू राणी दुर्गावतीच्या नावाशी जोडली जाते. मोगल सैन्याशी लढताना 24 जून 1564 रोजी जबलपूरजवळ नर्रई नाल्यापाशी राणीने प्राणार्पण केले. किल्ल्याच्या वाटेवर एका खडकावर तोल सांभाळून उभा असलेला दुसरा खडक आहे. 22 मे 1997 च्या भूकंपातही तो हलला नाही, म्हणून त्याच्यापुढे उभे राहून छायाचित्र काढणे हा नेम झाला आहे. याच टेकड्यांवरील अतिक्रमणे उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर हटवण्यात आली आणि अनेक कुटुंबांना शहराच्या टोकाला तिलहरी येथे हलवण्यात आले. 5 ऑक्टोबर 2023 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी राणी दुर्गावती स्मारक व उद्यानाचे भूमिपूजन केले. सुमारे 100 कोटी रुपयांच्या या प्रकल्पात राणीच्या 52 फूट उंच कांस्य पुतळ्याचा समावेश आहे.

टेकडी मोकळी होणे वारशाच्या दृष्टीने आवश्यक होते, यात शंका नाही. पण तेथून उठलेल्या माणसांचा रोजगार शहराच्या मध्यभागी होता, आणि नव्या उद्यानात, तिकीटघरात, वाटाड्यांच्या कामात त्यांच्यासाठी जागा ठेवली जाते का, हे अजून पाहायचे आहे. पन्हाळ्याच्या रहिवाशांनी जागतिक वारशाच्या नामांकनाच्या वेळी जी धास्ती व्यक्त केली, तिचे मूळ नेमके येथेच होते. वारसा घोषित झाला की आपण बाहेर, ही भीती एकदा बसली की स्थानिक माणूस त्या वारशाचा राखणदार राहत नाही.

भेडाघाटात सध्या तो राखणदार आहे. नावाडी आहेत, मऊ दगडातून मूर्ती आणि दिवे कोरणारे कारागीर आहेत. त्यांच्या कलेला 2023 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. मोबाइल आल्यावर झटपट छायाचित्रे छापून देणाऱ्यांचा धंदा मात्र सर्वच पर्यटनस्थळांवर आटला. कड्यांवरून पाण्यात उड्या मारून पर्यटकांकडून पैसे मिळवणारी मुलेही येथे वर्षानुवर्षे दिसतात, आणि त्यांच्या उड्यांचे चित्रण करणारे हात कमी होत नाहीत. नव्या वारसास्थळाची पहिली कसोटी या मुलांवर लागेल. त्यांना हटवणे सोपे आहे. लमेटाचे थर, योगिनींची नावे आणि नदीच्या पाण्याचे वेळापत्रक समजावून सांगणारे वाटाडे म्हणून त्यांना तयार करण्यास काही वर्षे लागतील.

हे अशक्य नाही, याचा दाखला याच शहरात आहे. चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड यांनी शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिक्षण घेऊन जबलपूरच्या कला महाविद्यालयात अध्यापन केले आणि वयाच्या पन्नाशीत नर्मदेच्या काठाने चालायला सुरुवात केली. त्यांच्या रेखाटनांत आणि कोलाजांत कडे आणि धबधबे कमी आहेत. घाटावर धुणे धुणाऱ्या स्त्रिया, न्हावी, परिक्रमावासी आणि नावा अधिक. जुलै 2018 मध्ये त्यांचे निधन झाले. महाराष्ट्रातून दरवर्षी परिक्रमेला निघणारे हजारो लोकही नदी अशीच, पायी आणि थांबत थांबत पाहतात. सहलीच्या गाडीतून उतरणाऱ्याला तेवढा वेळ नसतो, पण त्याच्या पाऊण तासातही वेगळे काही दाखवता येते.

त्यासाठी लागणाऱ्या गोष्टी मोठ्या नाहीत. बर्गीचे दरवाजे कधी उघडणार याची सूचना घाटावर आणि मोबाइलवर हिंदीसह मराठीतही वेळेत मिळणे, धुआंधारवर एका वेळी किती माणसे उभी राहू शकतात याचा आकडा ठरणे, योगिनी मंदिरात पीठलेखांचे वाचन लावणे आणि लमेटाघाट सहलीच्या मार्गावर आणणे, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. दरम्यान नैसर्गिक स्थळांच्या रांगेत स्पर्धाही वाढली आहे. सप्टेंबर 2025 मध्ये भारताने सात नवी नैसर्गिक स्थळे संभाव्य यादीत घातली, आणि त्यांत पाचगणी-महाबळेश्वरच्या दख्खन लाव्हास्तरांचा समावेश आहे. तेथेही कड्याच्या टोकाशी कठडा आहे, आणि कठड्याशी गर्दी.